खुर्चीखालचं नाव

आखातातून परतलेल्या माणसाला लोक तीनच गोष्टी विचारतात. तिकडे उकडतं किती, सोनं खरंच स्वस्त पडतं का, आणि मंदीत लोक विमानतळावर गाड्या टाकून पळाले ते खरं का. या अंकासाठी लिहा म्हणून ज्यांनी मला भरीला घातलं त्यांनाही तिसऱ्याच प्रश्नात रस होता. मी अशी टाकलेली गाडी कधी पाहिली नाही. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात लाकडाच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी फोरमन म्हणून. मंदीचं म्हणाल तर तिच्यातली एक खुर्ची माझ्या वाट्याला आली. तिच्याबद्दल लिहितो. ही गोष्ट घरीही मी फार उशिरा सांगितली, त्यामुळे लिहिताना हात जड होतोय.

तिकडे आमच्या धंद्याला जॉइनरी म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम सुतारकीचंच. दारं, कपाटं, हॉटेलातल्या टेबल-खुर्च्या. फरक इतकाच की गावाकडचा सुतार एक दार करतो आणि तिथे नऊशे दारं करायची असतात, नऊशेही एकसारखी. मी कणकवलीजवळचा. रंधा धरायला वडिलांकडे शिकलो. शारजात आल्यावर पहिली दोन वर्षं मी नुसत्या बिजागऱ्या बसवल्या. त्या दोन वर्षांत आयुष्यभर पुरेल इतका कंटाळा मी करून घेतला.

या धंद्यातला सगळ्यात वाईट दिवस म्हणजे स्नॅगिंगचा. माल जागेवर बसला की कन्सल्टंटचा माणूस लाल टिकल्यांचा कागद घेऊन येतो आणि खोट दिसेल तिथे टिकली चिकटवत जातो. ओरखडा, गोंदाचा ओघळ, न लागणारं कुलूप. गोवर उठल्यासारखी झालेली कपाटं मी पाहिली आहेत. आम्हा सुतारांना सगळ्यात झोंबते ती पेन्सिलच्या खुणेवरची टिकली. लाकडावर पेन्सिल चालवल्याशिवाय सुताराचं पान हलत नाही, पण माल बाहेर पडताना एकही रेघ उरता कामा नये. उरली तर कारागीर कामचुकार. माझे वडील तर याबाबतीत वेडे होते. एकदा लग्नाच्या कपाटात, तळफळीच्या खालच्या बाजूला, त्यांच्या हातची खूण पुसायची राहिली. ती जन्मात कुणाला दिसली नसती. तरी दुसऱ्या दिवशी भर उन्हात चालत मुलीच्या सासरी गेले आणि कपाट आडवं करून पुसून आले. त्या घरातल्या लोकांना काय वाटलं असेल देव जाणे. मी त्याच वळणावर गेलो. माझ्या हाताखालच्या मालावर पेन्सिलची टिकली कधी लागली नाही, आणि हे मी जरा जास्तच लोकांना सांगत असे.

दोन हजार आठ साल उजाडलं तेव्हा आम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती. अबू धाबीच्या अल रीम आयलंडवर एक हॉटेल उभं राहणार होतं, त्याच्या साडेतीनशे खुर्च्या आमच्याकडे आल्या. डिझाइन डेन्मार्कच्या एका बाईंचं. त्यांचं नाव मारेन, वय एकोणऐंशी.

पन्नास-साठ सालाच्या सुमाराला त्या थंड मुलखात फर्निचरची एक रीत निघाली. कोरीव काम नाही, सोनेरी मुलामा नाही. लाकूड लाकडासारखं दिसू द्यायचं, पाय सडपातळ ठेवायचे आणि माणसाचा हात जिथे टेकतो तिथे लाकूड हाताला बसेल असं घडवायचं. आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत बारीक तिरक्या पायांची टेबलं दिसतात ती त्याचीच लांबची नातलग. मारेनबाई त्या पहिल्या पिढीतल्या.

आमचे जनरल मॅनेजर मिस्टर नबील, लेबनॉनचे. त्यांनी बाईंसाठी स्वतःची केबिन रिकामी करून आत फुलदाणी ठेवली होती. बाई आल्या, केबिनकडे एक नजर टाकली आणि विचारलं, लाकूड कुठे आहे? मग कारखान्यात आल्या त्या तिथेच राहिल्या. आमच्या नमुन्याच्या खुर्च्या रांगेत मांडून ठेवल्या होत्या. त्यांनी पहिली उचलून सरळ उलटी केली आणि पोटाकडून तपासायला लागल्या. मला म्हणाल्या, "वरून सगळ्याच खुर्च्या बऱ्या दिसतात." आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, त्यांचंही जेमतेम आणि माझंही जेमतेम, म्हणून छान जमायचं. इथे ते मराठीत देतो.

त्यांनी येताना विमानातून एक जुनी खुर्ची आणली होती. ओकची, हातांच्या जागी काळपट झालेली. "ड्रॉइंगवरून हात कळत नाही," म्हणाल्या. "तुमच्या माणसांना यात बसू दे, हात फिरवू दे." आम्ही सगळे आळीपाळीने बसलो. मी आयुष्यभर खुर्च्या केल्या, पण खुर्चीने माझी पाठ ओळखावी तसं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

भांडणंही झाली. बाईंना पॉलिश नको होतं. साबणाचे तुकडे पाण्यात विरघळवून त्यानेच लाकूड धुवायचं, ही त्यांची पद्धत. आमचे पॉलिशवाले युसुफभाई सहारनपूरचे, धंद्यातले उस्ताद. एका अरब गिऱ्हाइकाच्या मजलिसचे, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीचे, सोफे त्यांनी असे काही सोनेरी केले होते की ते काम करताना काळा चष्मा लावायचे. त्यांनी साबणाची बादली पाहिली आणि मला बाजूला घेतलं. "पांचालभाई, मॅडम कुर्सी बना रही हैं या चादर धो रही हैं?" आठवडाभराने धुतलेल्या लाकडावरून हात फिरवून तेच म्हणाले, "वल्लाह, ये तो ज़िंदा है." त्यानंतर बादलीला ते कुणाला हात लावू देईनात.

बसायची जागा कागदाच्या दोरीने विणायची होती. खरंच कागद, पीळ घातलेला, सुतळीएवढा जाड. मिस्टर नबीलनी एक गुंडाळी हातात घेऊन किंमत विचारली. चारशे दिरहम, म्हणजे आपले साडेचार हजार. "पेपर? हबीबी, फॉर हॉटेल?" असं म्हणून ते डोक्याला हात लावून निघून गेले. मला मात्र ती दोरी हातात घेताच घर आठवलं. आमच्याकडे वडील सुंभाने बाजा विणायचे आणि ताण धरायला मी असायचो. बाईंनी विणकाम एकदा करून दाखवलं आणि दुसऱ्यांदा मी त्यांना करून दाखवलं. त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, वडिलांनी. म्हणाल्या, "मलाही."

चहाच्या सुट्टीत त्या आमच्याबरोबर उलट्या डब्यावर बसून कडक चहा प्यायच्या. तिथेच मला त्यांची हकीकत तुकड्यातुकड्यांनी कळली. त्यांचे वडील कॅबिनेटमेकर. एका बाईने त्या काळी सुतारकीची उमेदवारी करणं तिकडेही लोकांना खटकायचं, पण त्यांनी ती पुरी केली. पंचविसाव्या वर्षी स्वतःच्या डोक्यातून एक खुर्ची काढली आणि स्वतःच्या हाताने केली. विमानातून आली होती तीच ही. त्याच वर्षी लग्न झालं. नवरा अक्सेल आर्किटेक्ट. खुर्ची एका कारखानदाराला आवडली, पण बाईच्या नावाने माल खपायचा नाही असं त्याचं मत पडलं. तेव्हा खाली अक्सेलचं नाव गेलं.

"एका खुर्चीपुरतं, असं आम्ही ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "पण पहिली खपली, म्हणून दुसऱ्यालाही तेच नाव. मग तिसरी. तीस झाल्या."

मी विचारलं, मिस्टर अक्सेल काही बोलले नाहीत? त्या हसल्या. "तो फार चांगला माणूस होता. पहिली काही वर्षं त्याला लाज वाटायची. नंतर त्याला खरंच वाटायला लागलं."

अक्सेल जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. अल रीमचं हॉटेल हे त्यांचं पहिलं काम, ज्यावर त्यांचं स्वतःचं नाव पडणार होतं. करारातच होतं, प्रत्येक खुर्चीखाली पितळेची छोटी पट्टी आणि त्यावर फक्त 'मारेन'. नमुन्याची पट्टी त्या पर्समध्ये घेऊन फिरायच्या. युसुफभाईंना दाखवली तेव्हा त्यांनी ती रुमालाने पुसून परत केली. ऐंशीच्या घरातल्या बाईला आपल्या नावाचं इतकं अप्रूप वाटताना पाहून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

सप्टेंबरात त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घरी गेल्या. खुर्ची माझ्या ताब्यात ठेवून गेल्या. "मिस्टर पांचाळ, ही तुमच्याकडे," इतकंच म्हणाल्या. त्याच महिन्यात अमेरिकेत बँका बुडाल्याच्या बातम्या यायला लागल्या. आम्ही कॅन्टीनच्या टीव्हीवर त्या बघायचो आणि चॅनेल बदलायचो. अमेरिका लांब होती.

आता माझी चूक सांगतो.

आमच्या कारखान्यात दसरा व्हायचा. मिस्टर नबीलची एकच अट असे, धूर नको, फायर अलार्म वाजतो. त्यामुळे उदबत्ती नाही, पण हत्यारं घासूनपुसून मांडायची, मशिनना झेंडू घालायचा, साखरफुटाणे वाटायचे. युसुफभाईसुद्धा त्या दिवशी स्प्रेगन चकचकीत करून रांगेत आणून ठेवायचे. त्या वर्षी दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी बाई परत येणार होत्या. माझ्या मनात आलं, हत्यारांच्या बरोबरीने बाईंची खुर्चीही मांडावी. तिची दोरी पुढच्या बाजूला झिजून तुटायला आली होती. कधीतरी ती नव्याने विणायला हवी असं त्याच म्हणाल्या होत्या. त्या येण्याआधी आपण विणून ठेवू, त्यांना बरं वाटेल. आपला हात दाखवायची हौसही होती, ते का लपवू?

आदल्या दिवशी मी जुनी दोरी कापून काढली. खाली चारी बाजूंच्या आडव्या पट्ट्या उघड्या झाल्या. दोरी त्यांच्याभोवती गुंडाळलेली असते, त्यामुळे त्या एरवी दिसतच नाहीत. पुढच्या पट्टीवर आतल्या अंगाला पेन्सिलने काही लिहिलेलं होतं. बारीक, जपून काढलेली अक्षरं. तीनचार शब्द मला कळेनात, त्यापुढे 'मारेन', त्यापुढे १९५४.

युसुफभाई शेजारी होते. वाकून बघत म्हणाले, "नाम लिखा है. रहने दो."

मी म्हटलं, "मार्किंग है, भाई. उनसे साफ़ करना रह गया होगा."

मला खरंच तसं वाटलं. पंचविशीतली उमेदवार मुलगी, पहिलीच मोठी खुर्ची, घाईत खूण पुसायची राहिली आणि वरून दोरी विणून झाली. अशी चूक आपल्या हातून झालेली आहे हे इतक्या वर्षांनी कुणी दाखवलं तर कोणत्याही कारागिराला मेल्याहून मेल्यासारखं होईल. आपण मुकाट्याने निस्तरलेलं बरं. मी बारीक पॉलिशपेपर घेतला आणि पुसलं. पेन्सिल लाकडात मुरली होती, वेळ लागला. मग सगळी पट्टी एकसारखी केली, साबणाच्या पाण्याने धुतली आणि सुकल्यावर नवी दोरी विणली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुबक विणकाम. वडिलांना दाखवावं असं वाटलं होतं.

बाई आल्या त्या दिवशी सकाळीच कामावरून काढायच्या माणसांची पहिली यादी लागली होती. स्प्रे सेक्शनमधल्या नऊ जणांची नावं, त्यात युसुफभाईंचंही. हॉटेलचं काम थांबलंय अशी कुजबुज होती. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि महिन्याभरात देश सोडायचा असतो, त्यामुळे कारखान्यात कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. मिस्टर नबील हातात यादीचा कागद घेऊनच बाईंबरोबर आत आले.

झेंडूची माळ घातलेली खुर्ची बघून बाई थांबल्या. विणकामावरून बोटं फिरवली. "माझ्यापेक्षा घट्ट," म्हणाल्या, आणि माझा हात हातात घेतला. नंतर हळूच विचारलं, "दोरी काढलीत तेव्हा पुढच्या पट्टीवरचं पाहिलं असेल तुम्ही. पेन्सिलचं."

माझ्या उत्तराची वाट न बघता त्या मिस्टर नबीलकडे वळून सांगायला लागल्या. त्यांच्याकडचं एक म्युझियम अक्सेलवर मोठं पुस्तक काढत होतं. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी लेखी कळवलं होतं, की ही खुर्ची माझी आहे. म्युझियमने नम्रपणे पुरावा मागितला होता.

"त्यांना मी लिहिलंय, पुरावा खुर्चीतच आहे," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आदल्या महिन्यात, अक्सेलचं नाव द्यायचं ठरलं तेव्हा, मी तो लिहिला आणि वर दोरी विणली. अक्सेललाही माहीत नव्हतं. एकाला तरी माहीत असावं, म्हणून लाकडाला सांगून ठेवलं."

समोर मिस्टर नबील, हातात तो कागद. गिऱ्हाइकाच्या वस्तूची नासधूस केली तर त्याच दिवशी खलास, हा कारखान्याचा नियम मीच नव्या माणसांना सांगत असे. मुग्धा, माझी मुलगी, दहावीला होती. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं असं मी म्हणतो, पण ते नंतर जुळवलेलं असेल. खरं एवढंच की मी घाबरलो.

"नो मॅडम," मी म्हटलं. "तिथे काहीच नव्हतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, बुचकळ्यात पडल्यासारख्या. म्हणाल्या, "उघडून बघू या का?"

मग मी माझ्याच हाताने ते विणकाम कापलं. पट्टी उघडी झाली. स्वच्छ, कोरी, एकसारखी. दोरीखालचं लाकूड काळं पडत नाही, त्यामुळे घासल्याचीही खूण नव्हती. माझ्या मालावर कधी टिकली लागत नसे, इतकं माझं काम चोख. त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. चष्मा काढून पुन्हा लावला. डोळे नुकतेच बरे झालेले, त्यांना वाटलं असेल आपल्यालाच दिसत नाही. पट्टी उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, "मागची होती का?" मी मागचीही उघडली. डावी, उजवी. चारी कोऱ्या.

"आश्चर्य आहे," त्या म्हणाल्या. "मला अक्षरंसुद्धा आठवतात."

युसुफभाई थोड्या अंतरावर उभे राहून सगळं बघत होते. दुपारी त्यांनी मला लाकडाच्या गोदामात गाठलं. "बोल दो, पांचालभाई. बुढ़िया का नाम था वो." मी म्हटलं, कसं बोलू, आता तर तोंडावर नाही म्हणून बसलोय. तेव्हा ते जे म्हणाले ते मी रोज ऐकतो. "मेरे ऊपर डाल दो. बोलो युसुफ ने घिस दिया. मेरा नाम तो लिस्ट में है ही, मेरा क्या जाएगा?"

इतकं सोपं करून दिलं होतं त्या माणसाने. मी म्हटलं, बघतो, इन्शाल्ला. पुढच्या आठवड्यात ते सहारनपूरला गेले. जाताना माझ्याशी नीट बोलले, आणि ते जास्त लागलं.

बाई अजून तीन आठवडे होत्या. हॉटेलचं काम आधी 'ऑन होल्ड' झालं, मग फोन घेणारं माणूसच उरलं नाही. आमचा ओकचा कंटेनर खोर फक्कानच्या बंदरात पडून राहिला, तो सोडवायला कुणी गेलं नाही. साडेतीनशेपैकी अडतीस खुर्च्या तयार होत्या. पितळेच्या पट्ट्या आल्याच नाहीत. बाई रोज यायच्या, रिकाम्या कारखान्यात अडतीस खुर्च्या एकेक उलटी करून बघायच्या आणि एखादा पाय हाताने घासत बसायच्या. मी त्यांच्या खुर्चीची दोरी दुसऱ्यांदा विणत होतो. आम्ही दोघंच असायचो. सांगायला किती वेळ होता.

एकदा चहा पिताना त्यांनी पुन्हा विचारलं, "तुमची खात्री आहे ना, मिस्टर पांचाळ?"

आता तिथे नबील नव्हते, यादी नव्हती. तरीही मी म्हटलं, "येस मॅडम." पहिलं खोटं भीतीचं होतं. हे दुसरं कशाचं होतं हे मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक लाजेचं.

"मग मीच मनाने रचलं असणार," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं मनातल्या मनात म्हटलं की माणसाला अक्षरंही दिसायला लागतात." आणि मला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून त्यांनी विषय बदलला, मुग्धाच्या परीक्षेची चौकशी केली.

विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेलो. खुर्ची मी स्वतः पॅक केली होती. त्यांनी माझे आभार मानले.

माझी नोकरी टिकली. पुढच्या वर्षभरात आम्ही दोनशेचे साठ झालो, पण मी राहिलो. त्या अडतीस खुर्च्या दुबईच्या देरा भागातल्या एका व्यापाऱ्याने लॉटमध्ये उचलल्या. पुढे एकदा देऱ्यात गावाकडे सामान पाठवायला कार्गोवाल्याकडे गेलो, तर त्याचा टायपिस्ट आमच्या खुर्चीत बसलेला. कागदाची दोरी घाण होऊ नये म्हणून वर प्लॅस्टिक, त्यावर मखमली उशी. तो म्हणाला, "अच्छी कुर्सी है, कमर नहीं दुखती. इटालियन है." मी हो म्हटलं.

सुनंदाला, माझ्या बायकोला, मी हे सांगितलं तेव्हा चार वर्षं होऊन गेली होती. त्याला कारण मुग्धा. ती इंटिरियर डिझाइन शिकायला लागली होती आणि लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. डेन्मार्कच्या एका आर्किटेक्टवरचं. "बाबा, लुक, धिस इज लाइक द चेअर्स यू मेड, नो?" पान भरून फोटो होता. हात काळपट झालेली ती खुर्ची, आणि बसायच्या जागी माझं विणकाम. खाली अक्सेलचं नाव आणि १९५४. मारेनबाईंचा उल्लेख एका ओळीत, पत्नी म्हणून.

मी त्या दोघींना सगळं सांगितलं. सुनंदाने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "अहो, त्या युसुफभाईंनी एवढं म्हटलं होतं, तरी नाही सांगितलंत?" मुग्धाने मला ती अक्षरं आठवतील तशी काढायला लावली. अर्थ कळला नव्हता तरी पॉलिशपेपर घासताना ती माझ्या डोळ्यांसमोर इतका वेळ होती की आकार पाठ झाले होते. तिने कॉम्प्युटरवर अर्थ शोधला. चित्र काढलं आणि घडवली, मारेनने, असं होतं ते.

"बाबा, जस्ट टेल हर," मुग्धा म्हणाली. "शी डिझर्व्ज टू नो."

तिने म्युझियमला ईमेल केली, मी सांगितलं तशी, एकही गोष्ट न लपवता. दहा दिवसांनी सभ्य उत्तर आलं. तुमचा प्रामाणिकपणा मोलाचा आहे, परंतु आता खुर्चीवर प्रत्यक्ष पुरावा नाही. शिवाय मारेनबाईंनी स्वतःच दोन हजार आठच्या अखेरीस पत्र पाठवून आपला दावा मागे घेतला होता, आपला समज चुकीचा होता असं कळवून. त्या आता वृद्धाश्रमात असतात. त्यांच्या भाचीचा नंबर देत आहोत.

शुक्रवारी सकाळी फोन लावला. मुग्धा आणि सुनंदा शेजारी बसल्या होत्या. भाचीने फोन बाईंना दिला. आवाज बारीक झाला होता, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. युसुफभाईंच्या साबणाच्या बादलीची चौकशी केली, कडक चहाची आठवण काढली. मला रडू येत होतं, म्हणून मी घाईघाईने सांगून टाकलं. मॅडम, त्या पट्टीवर लिहिलेलं होतं. तुमचं नाव होतं. ते मी पुसलं, या हाताने, आणि तुमच्याशी खोटं बोललो.

मग त्या हसल्या, अगदी मायेने.

"नाही, नाही, मिस्टर पांचाळ. आपण दोघांनी उघडून पाहिलं होतं. चारी बाजू. कोऱ्या होत्या."

मी म्हटलं, मॅडम, कोऱ्या मी केल्या होत्या. मी ते शब्द सांगितले, माझ्या उच्चारात, चुकतमाकत. पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा मुग्धाने माझ्या हातातून फोन घेऊन सांगितले.

त्या मुग्धाला म्हणाल्या, "तुझे बाबा चांगले आहेत. म्हाताऱ्या बाईला बरं वाटावं म्हणून किती खटपट." मग फोन पुन्हा माझ्याकडे आला. मी नुसता मॅडम, मॅडम म्हणत होतो.

"मी फक्त हाताने घडवली," त्या मला समजावत म्हणाल्या. "चित्र अक्सेलचं होतं. त्याची सगळ्यात चांगली खुर्ची ती."